रिपोर्ट पॉझिटिव्ह, रुग्ण ठणठणीत: हॉस्पिटलमधली खोटी साथ कशी पकडतात?

व्हॉट्सअॅपवर एक मेसेज येतो. 'रत्नागिरीतल्या अमुक हॉस्पिटलात खतरनाक जंतू पसरलाय, सात पेशंटच्या रक्तात सापडलाय, कुणी अॅडमिट होऊ नका, सगळ्यांना पाठवा.' सोबत लॅबच्या रिपोर्टचा फोटो असतो. जंतूचं नाव लांबलचक लॅटिन आणि त्याखाली कुठली औषधं चालत नाहीत त्याची यादी. फोटो खरा असतो, रिपोर्टही खरा असतो. तरीही साथ खोटी असू शकते.

इथे अफवेबद्दल बोलत नाही. लॅबमध्ये जंतू खरोखर वाढलेला असतो, यंत्राने बरोबर ओळखलेला असतो, डॉक्टरांनी सही केलेली असते. फक्त तो जंतू रुग्णाच्या अंगात कधी नव्हताच. तो बाटलीत, कापसात, लॅबच्या टेबलावर किंवा जंतुनाशकाच्या डब्यात होता. वैद्यकीय भाषेत याला 'स्यूडो-आउटब्रेक' म्हणतात. आपण खोटी साथ म्हणू.

हे अगदीच दुर्मीळ आहे असं समजू नका. अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेने १९५६ ते १९७५ या काळात रुग्णालयांतल्या १८१ साथींचा तपास केला. त्यातल्या २० साथी, म्हणजे ११ टक्के, खोट्या निघाल्या. १९७७ साली 'लॅन्सेट'मध्ये हा हिशोब छापून आला. म्हणजे तज्ज्ञांना बोलावण्याइतकी घबराट जिथे झाली होती, तिथेसुद्धा नवातल्या एका ठिकाणी आजारच नव्हता.

समजा, रत्नागिरीत

एक काल्पनिक हॉस्पिटल घेऊ. रत्नागिरी शहरात, ५० खाटांचं. जुलै महिना, बाहेर कोकणातला पाऊस, आत भिंतींना ओल. दहा दिवसांत सात रुग्णांच्या ब्लड कल्चरमध्ये एकच जंतू येतो: बर्कहोल्डेरिया सेपेशिया. दोन रुग्ण आयसीयूतले, तीन जनरल वॉर्डातले, एक लहान मूल, एक बाळंतीण. एरवी या हॉस्पिटलात हा जंतू वर्षातून एकदाही दिसत नाही.

ब्लड कल्चर म्हणजे काय ते आधी पाहू, कारण सगळी गंमत तिथेच आहे. रुग्णाच्या शिरेतून मोठ्या माणसाचं ८-१० मिली रक्त काढून पोषक द्रव असलेल्या बाटलीत घालतात. बाटली यंत्रात शरीराच्या तापमानाला साधारण पाच दिवस ठेवतात. रक्तात जंतू असेल तर तो वाढतो, वायू सोडतो, यंत्र इशारा देतं. ही बाटली जंतूंसाठी पंचपक्वान्नाचं ताट आहे. तिथे एक जंतू पडला तरी दोन दिवसांत त्याचे कोट्यवधी होतात. तो रक्तातून आला, कातडीवरून आला, की बाटलीच्या रबरी बुचावरून आला, हे यंत्राला कळत नाही. म्हणूनच चांगल्या हॉस्पिटलातही थोडी कल्चर्स अशी 'भेसळीची' निघतात. हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आत ठेवावं, असा सर्वसाधारण मापदंड आहे.

एकटीदुकटी भेसळ डॉक्टर ओळखतात. कातडीवरचे नेहमीचे जंतू दोनपैकी एकाच बाटलीत आले तर ते सोडून देतात. अडचण होते ती एकच अनोळखी जंतू ओळीने सात जणांत आला की. मग कुणीही घाबरेल, आणि घाबरलंच पाहिजे. सुरुवातीला साथ खरीच आहे असं धरून चालायचं असतं. हात धुण्यावर कडक नजर, रुग्णांना वेगळं ठेवणं, सगळं लगेच सुरू करायचं. तपास त्याच्या जोडीने चालतो, त्याच्याऐवजी नाही.

आधी खाटेपाशी जा

तपासाची सुरुवात सूक्ष्मदर्शकापासून होत नाही. इन्फेक्शन कंट्रोलची नर्स आणि मायक्रोबायॉलॉजिस्ट वॉर्डात जातात आणि बघतात: ज्याच्या रक्तात हा जंतू आहे म्हणे, तो माणूस कसा आहे?

आपल्या सातांपैकी बाळंतीण घरी जायच्या तयारीत बसली आहे. एकाचा ताप रिपोर्ट येण्याच्या दोन दिवस आधीच उतरला. एकाला अमिकासिन सुरू होतं आणि तो बरा झाला. इथे जाणकाराच्या भुवया उंचावतात, कारण बर्कहोल्डेरिया अमिकासिनला जुमानत नाही, ती त्याची जन्मजात खोड आहे. जे औषध जंतूला लागूच पडत नाही त्याने रुग्ण बरा झाला असेल, तर एकतर चमत्कार झाला किंवा जंतू रक्तात नव्हताच.

रक्तात जंतू फिरत असलेला माणूस सहसा दिसायलाच आजारी असतो. थंडी भरते, रक्तदाब घसरतो, लघवी कमी होते. सातातल्या सहांना यातलं काही नाही. सातवा, आयसीयूतला, खरंच अत्यवस्थ आहे; पण तो न्यूमोनियामुळे, की या जंतूमुळे? त्याचं औषध कुणी थांबवत नाही. खोट्या साथीच्या आतही एखादा रुग्ण खरा असू शकतो, हे विसरून चालत नाही.

मग एक साधा तक्ता मांडतात. प्रत्येक रुग्णाची एक ओळ: वॉर्ड, दाखल झाल्याची तारीख, रक्त कधी काढलं, कुणी काढलं, कुठल्या ट्रॉलीवरून, बाटलीचा बॅच नंबर, लॅबमध्ये कधी पोचलं, कुणी हाताळलं, त्या दिवशी लॅबमध्ये आणखी काय चाललं होतं. दिसायला कारकुनी काम, पण माझ्या मते साथीच्या तपासातलं सगळ्यात हुशार यंत्र हा तक्ताच आहे. रुग्ण एका वॉर्डात किंवा एका ऑपरेशन थिएटरभोवती गोळा झालेले दिसले तर खऱ्या संसर्गाचा संशय बळावतो. ते वॉर्डावॉर्डांत विखुरलेले आहेत, पण त्यांचे नमुने एकाच दिवशी, एकाच हातातून, एकाच लॅबच्या टेबलावरून गेलेत, असं दिसलं तर चोर रुग्णांजवळ नाही, नमुन्याच्या वाटेवर आहे.

आपल्या गोष्टीत काय दिसतं? सातही जणांचं रक्त रात्रपाळीत, कॅज्युअल्टीच्या एकाच ट्रॉलीवरून काढलेलं. त्या ट्रॉलीवर झाकणाचा स्टीलचा डबा, त्यात जंतुनाशकात भिजवलेले कापसाचे बोळे. डबा रिकामा करून, उकळून, कोरडा करून पुन्हा भरायचा असतो. इथे मात्र संपत आला की वरून द्रव ओतायचा आणि नवे बोळे टाकायचे.

जंतुनाशकात जंतू?

हो. बर्कहोल्डेरिया सेपेशिया हा ओल्या जागी राहणारा, कमालीचा चिवट जंतू आहे. नुसत्या पाण्यात तो महिनोन् महिने तगतो आणि काही जंतुनाशकांतही, विशेषतः ती जास्त पातळ केली असतील तर, जिवंत राहतो. म्हणजे कातडी निर्जंतुक करायला घेतलेला बोळाच कातडीवर जंतू लावतो, सुई त्यातून आत जाते आणि बाटली पॉझिटिव्ह होते.

हे फक्त आपल्याकडच्या स्टीलच्या डब्यात होतं असंही नाही. १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या काही रुग्णालयांत कित्येक रुग्णांच्या रक्तात हाच जंतू (तेव्हा त्याचं नाव स्यूडोमोनास सेपेशिया होतं) येऊ लागला. शोधत गेल्यावर तो सापडला पोविडोन आयोडीनमध्ये, आपल्या ओळखीच्या त्या तपकिरी औषधात. आणि ते रुग्णालयात दूषित झालं नव्हतं, कारखान्यातूनच तसं आलं होतं. आयोडीनमध्ये जंतू जगेल यावर तोवर कुणाचा विश्वास बसला नसता.

दुसरा जुना रस्ता म्हणजे रक्त भरण्याचा क्रम. नर्स एकाच सुईने आधी ईएसआर किंवा सीबीसीच्या नळीत रक्त घेते आणि मग उरलेलं कल्चरच्या बाटलीत. त्या नळ्या जुन्या काळी आतून निर्जंतुक असायच्याच असं नाही, आणि त्यातले जंतू बाटलीत जायचे. म्हणून आजही शिकवतात की कल्चरची बाटली सगळ्यात आधी.

आता डब्याचा नमुना लॅबकडे जातो. इथे एक खाच आहे. डब्यातला द्रव तसाच प्लेटवर टाकला तर त्यातलं जंतुनाशक प्लेटवरही काम करत राहतं, जंतू वाढत नाही आणि रिपोर्ट येतो 'स्वच्छ'. म्हणून आधी जंतुनाशकाचा असर मारणारा पदार्थ घालावा लागतो. तो घातल्यावर आपल्या गोष्टीतल्या डब्यात बर्कहोल्डेरिया वाढतो. समजा वाढला नसता, तरी डबा निर्दोष ठरला नसता. तपास पथक येतंय म्हटल्यावर तो आदल्या रात्रीच घासून ठेवला असेल तर?

जनुकं जुळली म्हणजे सिद्ध झालं का?

सातही जंतूंची जनुकीय ओळख तपासली आणि ते तंतोतंत एकच निघाले, असं समजा. बातमीत मथळा होईल: 'साथीवर शिक्कामोर्तब'. पण एका दूषित डब्यातून आलेले जंतूसुद्धा एकसारखेच असणार! जनुकं जुळल्याने उगम एक आहे एवढंच कळतं. तो उगम रुग्णाच्या आत पोचला होता का, हे जनुकं सांगत नाहीत.

या चुकीचं सगळ्यात झणझणीत उदाहरण वैद्यकातलं नाहीच, पोलिसांचं आहे. जर्मनीच्या हाइलब्रॉन शहरात २००७ मध्ये एका महिला पोलिसाची हत्या झाली. तिथे सापडलेला एका अज्ञात स्त्रीचा डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधल्या सुमारे ४० गुन्ह्यांच्या जागी सापडला होता. खून, घरफोडी, काहीही. पोलीस त्या 'भुताच्या' मागे धावत राहिले. २००९ मध्ये उलगडा झाला: नमुना घ्यायच्या कापसाच्या काड्याच दूषित होत्या, आणि तो डीएनए त्या तयार करताना हाताळणाऱ्या कामगार स्त्रीचा होता. काड्या निर्जंतुक होत्या, पण डीएनएमुक्त नव्हत्या. चाचणी एकदाही चुकली नव्हती.

डांग्या खोकला, जो नव्हताच

बाटली किंवा डबा दूषित नसतानाही खोटी साथ उभी राहते. अमेरिकेत न्यू हॅम्पशर राज्यातल्या डार्टमथ-हिचकॉक या मोठ्या रुग्णालयात २००६ मध्ये काही कर्मचाऱ्यांना चिवट खोकला सुरू झाला. डांग्या खोकल्याचा संशय आला. घशातला नमुना घेऊन झटपट पीसीआर चाचणी केली, ती पॉझिटिव्ह आली. मग पुढचा, मग त्यापुढचा. जवळजवळ एक हजार कर्मचाऱ्यांची चाचणी झाली आणि निकाल येईपर्यंत त्यांना कामावरून दूर ठेवलं. १४२ जणांना तुम्हाला डांग्या खोकला झालेला दिसतोय असं सांगितलं गेलं. हजारो लोकांना अँटिबायोटिक आणि लस दिली. आयसीयूतल्या काही खाटासुद्धा बंद ठेवाव्या लागल्या.

सुमारे आठ महिन्यांनी कर्मचाऱ्यांना रुग्णालयाकडून एक ई-मेल आला. साथ नव्हतीच. प्रयोगशाळेत प्रत्यक्ष जंतू वाढवून दाखवण्याच्या खात्रीच्या चाचणीत एकही रुग्ण सिद्ध झाला नाही. लोकांना बहुधा साधा सर्दी-खोकला होता.

झालं असं की ती चाचणी या जंतूच्या अशा एका तुकड्याचा शोध घेत होती, ज्याच्या एकेका जंतूत डझनावारी प्रती असतात. म्हणजे चाचणी अतिसंवेदनशील. कणभर भेसळही पुरते. आणि खोकणाऱ्या प्रत्येकाची अशी चाचणी केली की थोडे खोटे पॉझिटिव्ह ठरलेलेच. ते आले की भीती वाढते, भीती वाढली की चाचण्या वाढतात, चाचण्या वाढल्या की पॉझिटिव्ह वाढतात.

हाच आकड्यांचा खेळ कोकणात लेप्टोच्या बाबतीत होऊ शकतो. लेप्टो आपल्याकडे खराच आहे, भातलावणीच्या चिखलात उतरणाऱ्याला तो सांगायला नको. पण समजा एखाद्या तालुक्यात नवीन लॅब उघडली किंवा नवं रॅपिड किट आलं, आणि त्याच महिन्यात रुग्णसंख्या तिप्पट झाली. आजार वाढला की शोध वाढला? शिवाय लेप्टोच्या आयजीएम चाचणीत दिसणारी प्रतिपिंडं आजार बरा झाल्यावरही काही महिने रक्तात राहतात. श्रावणात होऊन गेलेला लेप्टो दिवाळीच्या तापात पॉझिटिव्ह दाखवू शकतो. म्हणून केवळ पॉझिटिव्ह किती हे न बघता, किती चाचण्यांतून किती पॉझिटिव्ह, हे बघावं लागतं. बातम्यांत दुसरा आकडा बहुतेक वेळा नसतोच.

क्षयाचंही असंच. एका रुग्णाच्या बेडक्यातले जंतू लॅबमध्ये शेजारच्या नळीत उडाले किंवा सामायिक द्रवातून गेले, की शेजारचा निरोगी माणूस कागदोपत्री टीबीचा रुग्ण होतो. अशा अभ्यासांचा एक आढावा २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात पॉझिटिव्ह कल्चर आलेल्यांपैकी साधारण ३ टक्के खोटे पॉझिटिव्ह आढळले. टीबीचा उपचार निदान सहा महिन्यांचा, त्यात यकृताला त्रास, आणि आपल्या गावांत अजूनही लग्न मोडण्याइतका कलंक. हे ३ टक्के ज्यांच्या घरचे असतात त्यांना ते कमी वाटत नाहीत. लहान गावांतले कित्येक नमुने पुढे कोल्हापूर, पुणे किंवा मुंबईच्या लॅबला जातात. तिथे राजापूरच्या माणसाची नळी कुणा अनोळखी माणसाच्या नळीशेजारी उभी असते.

खोटी म्हणायची घाई नको

आता उलटी बाजू, कारण तीही आपल्याच राज्यातली आहे. मुंबईतल्या एका रुग्णालयात केमोथेरपीच्या डे-केअरमध्ये रुग्णांना उपचारानंतर थंडी वाजून ताप येऊ लागला आणि रक्तात तोच बर्कहोल्डेरिया सेपेशिया सापडला. खोट्या साथींच्या यादीत कायम असणारा जंतू! कुणीही 'भेसळ' म्हणून फाइल बंद केली असती. तिथल्या डॉक्टरांनी ती केली नाही, कारण रुग्ण खरोखर आजारी होते. शोधता शोधता उगम सापडला तो उलटी थांबवण्याच्या इंजेक्शनमध्ये. न उघडलेल्या बाटल्यांतही जंतू होता, म्हणजे तो कारखान्यातूनच आला होता. २०१५ मध्ये त्यांनी हा तपास 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल मायक्रोबायॉलॉजी'त छापला. केमोमुळे प्रतिकारशक्ती खचलेल्या रुग्णांच्या शिरेत थेट जाणारं औषध ते. फाइल बंद झाली असती तर काय झालं असतं, याचा विचार करवत नाही.

खरं आणि खोटं एकाच साथीत मिसळलेलंही असतं. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगचे रुग्ण दिसले, सप्टेंबरात सुरत हादरलं, लोक मिळेल त्या गाडीने पळाले, दुकानांतून टेट्रासायक्लिन गायब झालं. देशभरात ६,००० हून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली; प्राथमिक चाचण्यांत पॉझिटिव्ह ठरले ते ९०० च्या आत. प्लेग खरा होता, पुढे जनुकीय तपासातही ते दिसलं. पण संशयितांमधले बहुसंख्य लोक दुसऱ्याच कुठल्या तापाचे होते.

आणि आपल्या रत्नागिरीच्या काल्पनिक डब्याचं काय? साथ खोटी ठरली म्हणून डब्याला माफी नाही. त्याच बोळ्यांनी कुणाची सलाईनची जागा पुसली असेल, कुणाची जखम. आज रिपोर्ट बिघडवणारा डबा उद्या खरंच रक्त बिघडवेल. त्यामुळे डबे जातात, त्याजागी एकेकट्या पाकिटातले स्पिरिटचे स्वॅब येतात, आणि पुढचे काही आठवडे प्रत्येक कल्चरवर नजर ठेवली जाते. जंतू येणं थांबलं तरच निदान बरोबर होतं असं म्हणता येतं.

खोट्या साथीची किंमतही खरीच असते. सात जणांना चौदा-चौदा दिवस शिरेतून महागडी औषधं, त्यांचे किडनीवर आणि पोटावर होणारे परिणाम, घरच्यांचा खाडा. आयसीयू बंद ठेवावा लागला तर रत्नागिरीच्या अत्यवस्थ रुग्णाला आंबा घाट चढून सुमारे १३० किलोमीटरवर कोल्हापूरला न्यायचं. पावसाळ्यात, रात्री. तिथे वाटेत काय होऊ शकतं ते कोकणात कुणाला समजावून सांगायला नको.

तसा मेसेज आला, किंवा घरच्याच माणसाचा असा रिपोर्ट हातात पडला, तर डॉक्टरांना काही साधे प्रश्न विचारता येतात. हा जंतू आणि रुग्णाची तब्येत जुळते का? किती बाटल्यांपैकी किती पॉझिटिव्ह आल्या? पुन्हा रक्त काढून तपासलं का? गेल्या काही दिवसांत लॅबमध्ये हाच जंतू आणखी कुणाचा आला आहे का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही, बरेचदा त्याच्या मनातही तेच चालू असतं. औषध मात्र स्वतःहून बंद करू नका.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. साथ खोटी ठरली तरी पहिला रिपोर्ट फाइलमध्ये तसाच राहतो. दोन वर्षांनी दुसऱ्या गावातला डॉक्टर ती फाइल उघडतो, रक्तात बर्कहोल्डेरिया असं वाचतो आणि त्यावरून औषध ठरवतो. लॅबकडून सुधारित रिपोर्ट लेखी मागून घ्यायचा आणि जुन्या रिपोर्टलाच टाचून ठेवायचा.